पायथॉन आज्ञावलींतील दोषनिवारण

पायथॉन या संगणक-भाषेत लिहिलेली आज्ञावली मध्येच बंद पडत असल्यास, अथवा शेवटपर्यंत चालूनही चुकीचे उत्तर देत असल्यास, तिच्यातील दोषाचे स्थान व कारण निश्चित करून तो दूर करण्याची कार्यपद्धती. व्यवहारात तिला डीबगिंग म्हणतात. दोष जेथे दृष्टोत्पत्तीस येतो तेथेच तो निर्माण झालेला असतो असे नाही. म्हणून दिसणाऱ्या लक्षणापासून मूळ कारणापर्यंत पुराव्याच्या आधारे मागे जाणे, हे या कार्यपद्धतीचे मुख्य सूत्र होय. प्रस्तुत नोंदीत सर्व अंक मराठी पद्धतीने दिले आहेत. प्रत्यक्ष आज्ञावलीत मात्र आंतरराष्ट्रीय अंकच वापरावे लागतात.

इतिहास : यंत्रातील दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणण्याची प्रथा संगणकापेक्षा जुनी आहे. अमेरिकन संशोधक टॉमस आल्व्हा एडिसन यांनी १८७८ मधील एका पत्रात हा शब्द याच अर्थाने वापरला होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्व्हर्ड विद्यापीठाच्या मार्क २ या गणकयंत्राच्या एका रिलेत अडकलेला पतंग सापडला व तो तेथील नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला. ही हकीकत पुढे ग्रेस हॉपर यांनी लोकप्रिय केली. परंतु त्या नोंदीतील विनोद कळण्यासाठी तो शब्द आधीच रूढ असणे आवश्यक होते, हे उघड आहे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ मध्ये कार्यान्वित झालेल्या एडसॅक या संगणकाचे निर्माते मॉरिस विल्क्स यांना, आपला पुष्कळसा काळ स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यात जाणार, ही जाणीव त्याच वर्षी झाली होती. तेव्हापासून संगणकांचा वेग अनेक पटींनी वाढला, पण ही परिस्थिती फारशी बदललेली नाही.

भाषेचे स्वरूप : पायथॉनची रचना डच संगणकतज्ञ गीदो व्हान रॉसम यांनी ॲम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत डिसेंबर १९८९ मध्ये सुरू केली आणि तिची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये प्रसृत झाली. डिसेंबर २००८ मध्ये आलेली पायथॉन ३ ही आवृत्ती आधीच्या आवृत्तीशी पूर्णपणे सुसंगत नव्हती. पायथॉन २ चे अधिकृत साहाय्य १ जानेवारी २०२० रोजी थांबले.

या भाषेतील दोषांचे स्वरूप समजण्यासाठी तिची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घ्यावी लागतात. पहिले म्हणजे, ओळीच्या आरंभी सोडलेली मोकळी जागा ही येथे केवळ नीटनेटकेपणाची बाब नसून तिच्यावरून कोणती वाक्ये एका गटातील आहेत हे ठरते. दुसरे म्हणजे, पूर्णांक, अक्षरमाला, सूची इ. प्रकार हे मूल्याला चिकटलेले असतात; मूल्य धारण करणाऱ्या नावाला नव्हे. एकाच नावाने सकाळी संख्या व सायंकाळी मजकूर धारण केला, तरी भाषेची हरकत नसते. त्यामुळे पुष्कळशी तपासणी आज्ञावली प्रत्यक्ष चालू असतानाच, व त्यातही ज्या ओळी चालल्या तेवढ्यांचीच होते. क्वचितच उपयोगात येणाऱ्या शाखेतील चुकीचे लिहिलेले नाव महिनोन् महिने तसेच राहू शकते आणि ती शाखा प्रथमच चालते त्या दिवशी उघडकीस येते.

दोषांचे प्रकार : स्थूलमानाने दोषांचे तीन प्रकार करतात : (१) वाक्यरचनेचे दोष, यांमुळे आज्ञावली सुरूच होत नाही. (२) चालू असताना उद्भवणारे दोष. यांना अपवाद असेही म्हणतात व त्यांची दखल न घेतल्यास आज्ञावली थांबते. (३) तर्कदोष, यांत आज्ञावली विनातक्रार पूर्ण होते, पण उत्तर चुकलेले असते. पहिले दोन प्रकार नवशिक्यास त्रासदायक वाटतात. परंतु ते स्वतःची वर्दी स्वतःच देतात. खरे नुकसान बहुधा तिसऱ्या प्रकाराने होते.

मागोव्याचे वाचन : आज्ञावली थांबली म्हणजे पडद्यावर जो मजकूर उमटतो त्यास ट्रेसबॅक म्हणजे मागोवा म्हणतात. तो खालून वर वाचावा. शेवटच्या ओळीत अपवादाचे नाव व थोडक्यात कारण असते. तिच्या लगेच वर, ज्या ओळीवर काम थांबले ती ओळ तिच्या क्रमांकासह दिलेली असते. आणि त्याहून वर, कोणत्या फलनाने कोणत्या फलनास पाचारण केले याची साखळी असते. पायथॉन ३.१० (२०२१) पासून संदेश अधिक स्पष्ट झाले व चुकलेल्या नावाशी मिळतेजुळते नाव सुचविले जाऊ लागले, ३.११ (२०२२) पासून ओळीतील नेमका कोणता भाग सदोष ठरला हेही खुणेने दाखविले जाते.

तथापि, मागोवा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. उदा., सरासरी काढणाऱ्या फलनात ‘झीरोडिव्हिजनएरर’ म्हणजे शून्याने भागाकार झाल्याची तक्रार आली, तर दर्शविलेली ओळ भागाकाराची असते. परंतु ती ओळ बहुधा निर्दोष असते. सूची रिकामी का राहिली, हा खरा प्रश्न असून त्याचे उत्तर कदाचित फाईल वाचणाऱ्या दूरच्या फलनात सापडते. भाजक शून्य असल्यास उत्तर शून्य द्यावे, अशी दुरुस्ती तेथेच केली तर तक्रार थांबेल. पण मूळ दोष तर्कदोषात रूपांतरित होऊन अधिक घातक बनेल.

वाक्यरचनेचे दोष : ‘सिंटॅक्सएरर’ या नावाने येणाऱ्या तक्रारींची कारणे थोडी व ठराविक आहेत : अट किंवा आवर्तन यांच्या ओळीअखेरीस अपूर्णविराम न देणे, कंस किंवा अवतरणचिन्ह न मिटणे, तुलनेसाठी दोन बरोबर-चिन्हांऐवजी एकच देणे इत्यादी. न मिटलेल्या कंसाबाबत जुन्या आवृत्त्या पुढील निर्दोष ओळीकडे बोट दाखवीत. म्हणून दर्शविलेली ओळ बरोबर दिसल्यास तिच्या आधीची ओळ पाहावी, हा नियम उपयुक्त आहे. ओळींच्या आरंभीची जागा विसंगत असल्यास ‘इंडेंटेशनएरर’, तर कोठे टॅब व कोठे साध्या मोकळ्या जागा अशी सरमिसळ झाल्यास ‘टॅबएरर’ उद्भवतो. ही सरमिसळ डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सर्वत्र चार मोकळ्या जागाच वापरण्याचा संकेत आहे. लेखनसॉफ्टवेअरमधून उतरविलेली वळणदार अवतरणचिन्हे हेही नेहमी आढळणारे कारण होय.

चालू असताना उद्भवणारे दोष : यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे आहेत.

‘नेमएरर’ : वापरलेले नाव त्या ठिकाणी ज्ञात नाही. शुद्धलेखनाची चूक, लहान-मोठ्या रोमन अक्षरांतील फरक, किंवा मूल्य देण्यापूर्वीच केलेला वापर ही याची कारणे होत.

‘टाइपएरर’ व ‘व्हॅल्यूएरर’ : पहिल्यात मूल्याचा प्रकार अयोग्य असतो, तर दुसऱ्यात प्रकार योग्य असूनही मूल्य अयोग्य असते. पायथॉन ३ मध्ये ‘इनपुट’ या फलनाने घेतलेले उत्तर नेहमी अक्षरमालाच असते. वापरकर्त्याने वय २५ असे लिहिले व त्यात एक मिळविला, तर टाइपएरर येतो. येथे तक्रार आली हे सुदैवच समजावे. कारण त्याच वयाची दुप्पट केल्यास तक्रार न येता ‘२५२५’ अशी अक्षरमाला मिळते, आणि अक्षरमाला म्हणून तुलना केल्यास ‘९’ हे ‘१०’ पेक्षा मोठे ठरते. मूल्य हाती येताच त्याचे पूर्णांकात रूपांतर करणे हाच यावर उपाय होय.

‘इंडेक्सएरर’ व ‘कीएरर’ : सूचीतील स्थानांची मोजणी शून्यापासून होते. बारा महिन्यांच्या सूचीत शेवटचे स्थान ११ असते व १२ वे स्थान मागितल्यास इंडेक्सएरर येतो. याउलट उणे एक हे स्थान मागितल्यास शेवटचा घटक निमूटपणे मिळतो. त्यामुळे वजाबाकीत झालेली चूक झाकली जाऊ शकते. कोशात नसलेली कळ मागितली म्हणजे कीएरर येतो.

‘ॲट्रिब्यूटएरर’ : वस्तूपाशी नसलेला गुणधर्म मागितल्याची ही तक्रार आहे. संदेशात ‘ननटाइप’ असा उल्लेख असल्यास, मूल्य अपेक्षित असता ‘नन’ म्हणजे ‘काहीही नाही’ हे मिळाले असा त्याचा अर्थ. सूचीची ‘सॉर्ट’ ही क्रिया मूळ सूचीतच क्रम लावते व नन परत करते. तिचा निकाल त्याच नावास दिल्यास सूचीच हातची जाते.

‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर’ : हवे असलेले मॉड्यूल स्थापित नसते, किंवा संगणकावरील एका पायथॉनसाठी स्थापित असून आज्ञावली दुसऱ्याच पायथॉनवर चालविली जाते. प्रत्येक प्रकल्पासाठी ‘व्हेन्व्ह’ या सुविधेने (३.३, २०१२) स्वतंत्र परिसर निर्माण केल्यास हा घोटाळा टळतो. स्वतःच्या फाईलीला ‘रँडम’ यासारखे प्रमाण मॉड्यूलाचे नाव दिल्यासही विचित्र तक्रारी येतात. कारण मॉड्यूलाचा शोध प्रथम आज्ञावलीच्या स्वतःच्या फोल्डरात घेतला जातो व मूळ मॉड्यूलाऐवजी ती फाईलच उचलली जाते.

तर्कदोष : एका सूचीला दुसरे नाव दिल्याने तिची प्रत होत नाही, एकाच वस्तूला दोन नावे मिळतात व एका नावाने केलेला बदल दुसऱ्या नावातही दिसतो. याच जातीचा प्रसिद्ध दोष फलनाच्या पूर्वनिर्धारित मूल्याबाबत घडतो. रिकामी सूची हे पूर्वनिर्धारित मूल्य ठेवल्यास ती प्रत्येक वेळी नव्याने तयार होत नाही; फलनाची व्याख्या होतानाच एकदा तयार होते. त्यामुळे पहिल्या वेळी ‘गहू’ व दुसऱ्या वेळी ‘ज्वारी’ अशी नोंद केली, तर दुसऱ्या वेळी दोन्ही धान्ये परत मिळतात. अशा ठिकाणी नन हे मूल्य ठेवून सूची फलनाच्या आत निर्माण करावी.

सूचीवर आवर्तन चालू असता तीतीलच घटक काढून टाकणे हाही तसाच सापळा आहे. २, ४, ६, ७ या सूचीतून सम संख्या अशा रीतीने काढल्यास ४ व ७ शिल्लक राहतात. कारण २ निघताच ४ त्याच्या जागी सरकतो, पण आवर्तन पुढील स्थानाकडे गेलेले असते.

आकडेमोडीत ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. हा पायथॉनचा दोष नव्हे. दशमान पद्धतीत एक-तृतीयांश जसा पुरा लिहिता येत नाही, तसा द्विमान पद्धतीत एक-दशांश पुरा लिहिता येत नाही. म्हणून अशा दोन मूल्यांची बरोबरी तपासू नये. त्यांतील फरक पुरेसा लहान आहे काय ते पाहावे. पैशांच्या हिशोबात ‘डेसिमल’ हे मॉड्यूल वापरावे किंवा रक्कम पूर्ण पैशांत धरावी. ‘राउंड’ हे फलन पायथॉन ३ मध्ये बरोबर मधोमध असलेली संख्या जवळच्या सम पूर्णांकाकडे नेते; २.५ चे २ होतात व ३.५ चे ४. पायथॉन २ मध्ये ५ ला २ ने भागल्यास २ मिळत, पायथॉन ३ मध्ये २.५ मिळतात, जुन्या आज्ञावली नव्या आवृत्तीत आणताना या बदलाने अनेक हिशोब निःशब्दपणे बदलू शकतात.

तर्कदोषाचे परिणाम किती दूरवर जातात, याचे उदाहरण रसायनशास्त्रात घडले. कार्बनी रेणूंच्या अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनातील रासायनिक स्थानांतर काढण्याची एक पद्धती ‘नेचर प्रोटोकॉल्स’ या नियतकालिकात २०१४ मध्ये पायथॉन आज्ञावलींसह प्रसिद्ध झाली होती व ती अनेकांनी स्वीकारली. हवाई विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये ‘ऑर्गॅनिक लेटर्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की, तीच आज्ञावली व त्याच फाईली घेऊनही उत्तर संगणकाच्या परिचालन प्रणालीनुसार बदलते. विंडोज १० व मॅक मॅव्हरिक्स यांवर जे मूल्य १७३.२ आले, ते मॅक मोहावीवर १७२.७ व उबुंटू १६ वर १७२.४ आले. कारण अगदी साधे होते. ‘ग्लॉब’ हे मॉड्यूल फोल्डरातील फाईलींची यादी देते, पण तिचा क्रम कोणता असेल याची हमी देत नाही. आज्ञावलीत मात्र ठराविक क्रम गृहीत धरला होता. यादी क्रमवार लावून घेणे एवढाच यावर उपाय होता. कोणतीही तक्रार उमटली नव्हती. शोधनिबंधांत परिचालन प्रणालीचा उल्लेख सहसा नसल्याने, आधी प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांपैकी कोणते बाधित झाले हे निबंध वाचून ठरविणेही कठीण झाले.

गृहीत क्रमाचा हाच धोका संचाच्या बाबतीतही असतो. अक्षरमालांच्या संचातील घटकांचा क्रम आज्ञावलीच्या प्रत्येक चालनात बदलू शकतो; कोशात मात्र नोंदी केल्याचा क्रम ३.७ (२०१८) पासून कायम राखला जातो. दोष कधी दिसतो व कधी दिसत नाही, असे आढळल्यास अशा अनिश्चित क्रमाचा संशय प्रथम घ्यावा.

देवनागरी मजकुरातील अडचणी : पायथॉन ३ मध्ये चलांना देवनागरी नावे देता येतात, मात्र संख्या देवनागरी अंकांत लिहिल्यास सिंटॅक्सएरर येतो. याउलट अक्षरमालेतील ‘१२’ चे पूर्णांकात रूपांतर बिनतक्रार होते. मजकुराची लांबी मोजताना पायथॉन वाचकाला दिसणारी अक्षरे मोजत नाही, तर युनिकोड संकेत मोजतो. ‘मराठी’ या शब्दाची लांबी तीन नसून पाच भरते, कारण काना व वेलांटी स्वतंत्र मोजले जातात. रकाने आखताना किंवा मजकूर ठराविक लांबीवर तोडताना यामुळे मात्रा अक्षरापासून तुटतात.

याहून फसवा प्रकार मराठीतील अर्ध्या ‘र’ चा आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिले जाते : एकात नुक्तायुक्त ‘ऱ’ असतो, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पायथॉनच्या लेखी ते भिन्न शब्द असतात, म्हणून यादीत डोळ्यांसमोर असलेले आडनाव किंवा गावाचे नाव शोधात सापडत नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने ‘ऱ’ ची दोन रूपे, म्हणजे अखंड व नुक्ता वेगळा असलेले, एक होतात. पण अदृश्य जोडचिन्हाचे रूप तसेच राहते व ते स्वतंत्रपणे बदलून घ्यावे लागते. अकारविल्हे यादीतही ‘ळ’ हा ‘ल’ नंतर लगेच येतो. मराठी वर्णमालेप्रमाणे ‘ह’ नंतर येत नाही. फाईल वाचताना संकेतपद्धती स्पष्ट न सांगितल्यास काही संगणकांवर ‘युनिकोडडीकोडएरर’ येतो किंवा मजकूर निरर्थक चिन्हांत बदलतो. म्हणून फाईल उघडताना यूटीएफ-८ असे नेहमी नमूद करावे.

शोधाची पद्धती : दोष पुन्हा हमखास घडवून आणता येणे ही पहिली पायरी होय, ज्या आदानाने तो घडतो ते शक्य तितके लहान करावे. दुसऱ्या पायरीत मागोवा पूर्ण वाचून कारणाविषयी एकच निश्चित तर्क बांधावा. तिसऱ्या पायरीत तो तर्क खोटा ठरू शकेल अशी तपासणी करावी. आज्ञावलीच्या मध्यावर मूल्ये तपासून दोष अलीकडे आहे की पलीकडे हे ठरविल्यास शोधक्षेत्र निम्मे होते. चौसष्ट टप्प्यांच्या कामातही अशा सहा तपासण्या पुरतात. एका वेळी एकच बदल करावा व तो निरुपयोगी ठरल्यास मागे घ्यावा. अन्यथा कोणत्या बदलाने दोष गेला हे कळत नाही.

यासाठीचे सर्वांत साधे साधन म्हणजे ‘प्रिंट’ या फलनाने मधली मूल्ये छापणे. छापताना ‘रेप्र’ हे फलन वापरल्यास अक्षरमालेच्या कडेच्या मोकळ्या जागा व अदृश्य चिन्हे दिसतात. दीर्घकाळ चालणाऱ्या आज्ञावलींसाठी ‘लॉगिंग’ हे मॉड्यूल सोयीचे असते. ‘पीडीबी’ या दोषशोधकाने आज्ञावली हव्या त्या ओळीवर थांबवून एकेक ओळ पुढे नेता येते; ३.७ पासून त्यासाठी ‘ब्रेकपॉइंट’ हे अंगभूत फलन उपलब्ध आहे.

याउलट, सर्व प्रकारचे अपवाद एकत्र पकडून त्यांकडे दुर्लक्ष करणारी ‘एक्सेप्ट’ शाखा लिहिणे ही सर्वांत हानिकारक सवय होय. तिच्यामुळे वर्दी देणारा दोष मुका होतो. अपेक्षित असलेला अपवादच नावाने पकडावा व उरलेल्यांना आज्ञावली थांबवू द्यावी.

प्रतिबंध : दोष दूर झाल्यावर तो पूर्वी दाखवून देणारे आदान ‘युनिटटेस्ट’ किंवा तत्सम साधनाने कायमची चाचणी म्हणून जतन करावे, म्हणजे पुढील बदलांत तो परतल्यास लगेच कळतो. मूल्यांचे प्रकार नमूद करण्याची सोय ३.५ (२०१५) पासून प्रमाणित झाली आहे. ते प्रकार पायथॉन स्वतः तपासत नाही, पण ‘मायपाय’ सारखी साधने आज्ञावली न चालविताच त्यांतील विसंगती दाखवितात. चाचण्या कितीही घेतल्या, तरी आज्ञावली निर्दोष असल्याचे त्यांवरून सिद्ध होत नाही, याकडे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) यांनी लक्ष वेधले होते. म्हणून ज्या उत्तरावर औषधाची मात्रा, वेतन किंवा शास्त्रीय निष्कर्ष अवलंबून असेल, ते हाताने सोडविता येण्याजोग्या छोट्या उदाहरणावर पडताळून पाहावे आणि शक्य तर भिन्न परिचालन प्रणालीवरही पुन्हा काढावे. निकाल प्रसिद्ध करताना आज्ञावली, पायथॉनची आवृत्ती व परिचालन प्रणाली या तिन्हींची नोंद दिल्यास पुढे दोष आढळला, तरी त्याची व्याप्ती इतरांना ठरविता येते.